जुन्या ८०० चा टेम्परेचर काटा मधूनच लाल पट्टीत जातो. हेड उघडायचं का?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

गाडी मारुती ८००, १९९९ ची, कार्ब्युरेटरवाली, एसी मॉडेल. नुकतंच आणखी पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन करून घेतलंय, पर्यावरण कर भरलाय. त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया देऊ नये.

दुखणं असं. दिवसा टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या जरा खाली, म्हणजे गेली कित्येक वर्षं जिथे असतो तिथेच. पण कराडहून पुण्याला संध्याकाळी निघालो की वाटेत कुठेतरी तो वर सरकायला लागतो, 'एच'च्या (हॉट) लाल पट्टीला टेकतो, थोडा वेळ तिथेच राहतो आणि मग झटक्यात खाली येतो. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडावं तर वाफ नाही, वास नाही, बाटलीतलं पाणी आहे तेवढंच. पाणी कमी होत नाही. फॅन लागतो, बंद होतो. पिकअपही नेहमीचाच.

दिवसाउजेडी हे एकदाच झालं, खंबाटकीच्या बोगद्यात. त्यावरून गॅरेजवाल्यांनी निदान केलं की चढाला लोड येतोय, हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) उडत चाललंय. त्याआधी त्यांनी सेन्सर बदलला, फरक पडला नाही. मग थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकला ('आपल्याकडे लागतच नाही तो'), तरी फरक नाही. आता हेड उतरवून प्लेन करून आणू म्हणतात.

खर्चाची तयारी आहे. पण हेड उतरवून झाल्यावर 'हे तर चांगलं होतं' असं ऐकायची तयारी नाही. जाणकारांनी सांगावं.

पार्किंग_मिळेना | रविवार, रात्री १०:२०

विकून टाका.

(देऊ नये म्हणालात म्हणून राहवलं नाही. पुढचे प्रतिसाद गंभीर असतील.)

आबा_वर्कशॉप | रविवार, रात्री १०:५८

सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली, म्हणून दोन शब्द.

हेड गॅस्केट उडालं की ते लपून राहत नाही. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला एकदोन बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे येतच राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबाचा वायू, पाण्यात शिरतंय. दुसरं, झाकण लावून गार इंजिन चालू करा आणि वरचा मोठा होज पाईप दाबून बघा. पाणी तापायच्या आधीच, मिनिटाभरात पाईप दगडासारखा कडक झाला तर संशय पक्का. तिसरं, तिन्ही प्लग काढा. दोन तपकिरी आणि एक धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात गाडी फक्त भाजी आणायला जात असेल तर ओलाव्यानेही तो धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा दुधाळ असेल तर मात्र खरं.

यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. पाणी कमी होत नाही म्हणता, मला तरी हेड वाटत नाही.

थर्मोस्टॅट काढला ते मात्र बरं केलं. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशात गाड्या पळायच्या, त्यात तो हवाच कशाला?

न्यूजर्सीचा_नाना | रविवार, रात्री ११:३१

आबा, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या ओळीला तीव्र आक्षेप.

बाहेर पंचेचाळीस असो वा उणे वीस, इंजिनाला आतलं तापमान ऐंशी-नव्वदच्या आसपासच लागतं. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर त्या खाली तो बंद राहून इंजिन लवकर तापवतो आणि त्या वर उघडतो. म्हणजे तुमच्या विदर्भातल्या उन्हाळ्यात तो उघडाच राहणार, त्रास कसला? काढून टाकला की हायवेवर इंजिन कधी नीट तापतच नाही. मिश्रण जाड राहतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी बायपासमधूनच घुटमळतं, रेडिएटरकडे कमी जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

इथे जानेवारीत थर्मोस्टॅट उघडा अडकला तर हीटरमधून गार वारा येतो, त्यामुळे इथल्या माणसाला तो का लागतो हे सांगावं लागत नाही.

आबा_वर्कशॉप | सोमवार, सकाळी ६:०५

नाना, तुमचं पुस्तकातलं बरोबर आहे. पण बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट घाटात इंजिन जाळतो, नसलेला थर्मोस्टॅट फक्त पेट्रोल खातो. चाळीस प्रवासी घेऊन आंबोली चढणाऱ्याला विचारा यातलं काय परवडतं ते.

न्यूजर्सीचा_नाना | सोमवार, सकाळी ६:४०

चाळीस प्रवाशांचा मुद्दा मान्य. धागाकर्त्याच्या गाडीत चार बसतात, तेही गुडघे आवळून.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ९:१५

एअर लॉक बघितलात का? सेन्सर बदलताना आणि थर्मोस्टॅट काढताना पाणी सांडलं असणार. परत भरताना हवा राहिली तर काटा असाच नाचतो. गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा आणि फॅन लागेपर्यंत वाट बघा. बुडबुडे निघतील तसं पाणी घालत राहा. डॅशबोर्डच्या मागून गुडगुड आवाज येत असेल तर हवा नक्की आहे.

आणि पाणी म्हणजे कूलंट, बोअरचं पाणी नव्हे. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो, मग रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्यायची वेळ येते. वॉटर बॉडीची (पाण्याच्या पंपाची) पातीही गंजून झिजते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत पाणी ढकलायला काही उरलेलं नसतं.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:४०

आबा, सकाळी तुमच्या तिन्ही परीक्षा घेतल्या. बुडबुडे सुरुवातीला आले ते थांबले. पाईप मऊ राहिला, पाणी तापल्यावर हळूहळू कडक झाला. तिन्ही प्लग सारखेच तपकिरी.

घाटमाथा, गुडगुड नाही. पण काटा तर सेन्सर बदलायच्या आधीपासून नाचतोय, म्हणजे नंतर शिरलेल्या हवेचा दोष कसा?

उंदीरमामांचा_भाचा | सोमवार, दुपारी २:०३

वायरिंग कुरतडलंय का बघा. आमच्या सोसायटीत पावसाळा सुरू झाला की बाप्पांचं वाहन आमच्या वाहनात राहायला येतं. माझ्या गाडीत सेन्सरच्या वायरचं प्लॅस्टिक सोललं होतं आणि तांबं इंजिनाला टेकत होतं. खड्डा आला की काटा थेट एचवर.

उपाय म्हणून तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, फिनेल, सगळं करून झालं. उंदरांना तंबाखू आवडत असावी.

पार्किंग_मिळेना | सोमवार, दुपारी २:१०

बोनेट रात्रभर उघडं ठेवा, उंदीर उजेडाला येत नाहीत असं आमचे वॉचमन सांगतात. मग मांजर येऊन झोपतं. मग मांजराची पिल्लं. सध्या आमच्या मजल्यावर पाच आहेत.

कोकणकड्याखाली | सोमवार, दुपारी २:३५

अवांतर: उंदीर इंजिनात येतो तो ऊब आणि बिळासारखी जागा बघून. वायरिंगवर कोरुगेटेड पाईप चढवून घ्या, बाकी सगळं मनाचं समाधान. आमच्याकडे रत्नागिरीत तर उंदीर नसला तरी चालतो, खारी हवाच कनेक्टर खाते.

थर्मलगनवाला | सोमवार, दुपारी ४:२०

सगळे तर्क चाललेत, पण इंजिन खरंच तापतंय का हे कोणी मोजलंय का? इन्फ्रारेड गन घ्या आणि काटा वर गेला की थर्मोस्टॅटच्या घराजवळ आणि वरच्या पाईपवर मारा. नव्वदच्या आसपास दिसलं तर काटा खोटं बोलतोय. एकशे दहा-पंधरा दिसलं तर काटा खरं बोलतोय.

एक सूचना. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन मारली तर आकडा कमी येतो. त्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा, किंवा सरळ रबरी पाईपवर मोजा (पाईपचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा थोडा गार असतो, तेवढं धरून चाला).

नवखी_ड्रायव्हर | सोमवार, दुपारी ४:३१

कोविडात घेतलेली गन घरी आहे, ती चालेल का?

थर्मलगनवाला | सोमवार, दुपारी ४:३८

नाही हो. ती अंगाचा ताप बघायची, त्रेचाळीसच्या आसपास तिची धाव संपते. इंजिनावर मारलीत तर 'हाय' लिहून येईल, मग तुम्हीही घाबराल. औद्योगिक वापराची वेगळी मिळते.

ओहमची_आत्या | सोमवार, रात्री ८:५०

उशिरा आले, पण वरचं सगळं वाचून आले. आधी एक प्रश्न.

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंय की दिवसा एकदाच झालं आणि तेही खंबाटकीच्या बोगद्यात. कराडकडून पुण्याला येताना आपण बोगद्यातून येतो, वळणावळणाचा जुना घाट आपल्या वाट्याला येत नाही. बोगद्यात शिरताना तुम्ही काय करता? हेडलाइट लावता. संध्याकाळी निघाल्यावर वाटेत काय करता? हेडलाइट लावता. मला इथे चढ दिसत नाही, लाइटचं बटण दिसतंय.

शिवाय काटा 'झटक्यात' खाली येतो म्हणता. ब्लॉक, हेड आणि काही लिटर पाणी एवढा ऐवज तापलेला असेल तर तो क्षणात गार होत नाही. पाण्याला वेळ लागतो, विजेला लागत नाही.

आता तीन गोष्टी बघून सांगा. इंजिन गरम करून गाडी घराखालीच उभी ठेवा, सुरू असू द्या.

हेडलाइट लावा, काटा हलतो का? फक्त पार्किंग लाइट लावले तरी हलतो का? इंडिकेटर दिला की काटा त्याच तालावर फुरफुरतो का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे चालू असताना शेजारचा पेट्रोलचा काटा काय करतो?

टेफ्लॉन_टेप | सोमवार, रात्री ९:१२

आत्या, एक शंका. या गाड्यांचं मीटरचं सेन्सर एका वायरचं असतं, त्याचं अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) त्याच्या स्वतःच्या चुड्यांमधून (आट्यांमधून) इंजिनाला मिळतं. गॅरेजवाल्यांनी नवं सेन्सर बसवताना गळू नये म्हणून चुड्यांना टेप गुंडाळली असेल तर? मी हे होताना पाहिलंय.

ओहमची_आत्या | सोमवार, रात्री ९:४४

पाहिलं असेल, मीही पाहिलंय. पण मग काटा उलट दिशेला जायला हवा.

या सेन्सरचा अवरोध पाणी तापेल तसा कमी होतो. पाणी गार, अवरोध जास्त, काटा खाली. पाणी गरम, अवरोध कमी, काटा वर. म्हणून सेन्सरची वायर काढून मोकळी सोडली तर काटा 'सी'वर पडतो, आणि तीच वायर क्षणभर इंजिनाला टेकवली तर 'एच'कडे धावतो. (क्षणभरच टेकवा, जास्त वेळ धरलीत तर मीटर जळू शकतं.) टेपमुळे अर्थिंग तुटलं तर अवरोध वाढल्यासारखा होणार, काटा खाली राहणार. उंदीरमामांच्या भाच्याची सोललेली वायर मात्र बरोबर एचवर नेणार.

म्हणजे काटा कुठल्या बाजूला खोटं बोलतो हे बघितलं तरी अर्धे संशयित सुटतात. इथे तो वर जातोय, तेही लाइटबरोबर. टेपचा संबंध नाही.

मीटरफेल | सोमवार, रात्री १०:०५

मग इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी बघा. ती गंजली की लाइट लावल्यावर असेच खेळ होतात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन चालू, लाइट आणि ब्लोअर चालू, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूला. ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर पट्टी साफ करा.

ओहमची_आत्या | सोमवार, रात्री १०:१९

तीही शक्यता आहे, म्हणूनच पेट्रोलच्या काट्याबद्दल विचारलं. टेम्परेचरचं सेन्सर इंजिनावर आहे, पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट मागे टाकीत आहे, त्याचं अर्थिंग बॉडीला. इंजिनची पट्टी खराब असेल तर एकटं टेम्परेचर नाचेल, पेट्रोल शांत राहील. दोघं मिळून नाचत असतील तर दोघांत सामाईक काय ते बघायचं, म्हणजे मीटरच.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

आत्या, साष्टांग दंडवत.

घराखाली गाडी चालू ठेवून पार्किंग लाइट लावले. हेडलाइटपर्यंत जावंच लागलं नाही. टेम्परेचरचा काटा सावकाश चढायला लागला. आणि पेट्रोलचा काटा, जो पाव टाकीच्या खाली होता, तो निम्म्याच्या वर गेला! इंडिकेटर दिला तर दोन्ही काटे टिकटिक करत किंचित हलतात. लाइट बंद केले, दोघंही परत जागेवर.

रात्रीच्या प्रवासात माझं सगळं लक्ष लाल पट्टीकडे, पेट्रोलकडे बघतंय कोण.

पार्किंग_मिळेना | मंगळवार, रात्री ८:३४

लाइट लावला की टाकी भरते? विकू नका. माझा सल्ला मागे घेतो. आजच्या भावात ही गाडी सोन्याची खाण आहे.

आबा_वर्कशॉप | मंगळवार, रात्री ८:५०

शाब्बास आत्याबाई. आमच्या वर्कशॉपात असता तर इलेक्ट्रिक सेक्शन तुमच्याकडे दिला असता. हेड वाचलं बिचाऱ्याचं.

ओहमची_आत्या | मंगळवार, रात्री ९:२५

हा हा, आबा. अजून सापडलेलं नाही, फक्त गल्ली सापडली आहे.

पार्किंग लाइट लावले की मीटरच्या मागचे छोटे दिवे लागतात. त्यांचा करंट मीटरच्याच अर्थिंगच्या वायरमधून परत जातो. ती वायर जिथे बॉडीला आवळली आहे तिथे गंज असेल तर करंट अडतो आणि मीटरचं 'शून्य' शून्यावर राहत नाही, वर उचललं जातं. त्याच शून्याच्या भरवशावर दोन्ही काटे चालतात, म्हणून दोन्ही एकदम बहकतात. इंडिकेटरचा मीटरमधला दिवाही त्याच वाटेने जातो, म्हणून ती टिकटिक. आणि बऱ्याच जुन्या मीटरांत काट्यांना कमी आणि स्थिर व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. त्याचं अर्थिंग सुटलं तर तो नियमन सोडून देतो आणि काट्यांना बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं. परिणाम तोच, दोन्ही वर.

रस्त्यात मधूनच आपोआप बरं होत होतं, कारण धक्क्याने गंजलेला जोड मधूनच नीट टेकत होता. मीटरमधला उजेड मंद वाटत होता का हो?

काम सोपं आहे. मीटरच्या मागच्या कपलरमधली अर्थिंगची वायर शोधा, बहुतेक काळी असेल. एक जादा वायर घेऊन ती बॉडीच्या स्वच्छ धातूला तात्पुरती जोडा. काटे जागेवर आले की निदान पक्कं. मग मूळ जोड शोधून साफ करा. जादा वायर तशीच ठेवून पुढे जाऊ नका, सडलेला जोड दुसरं काहीतरी काढेल. नाही सापडला तर चांगल्या वायरमनकडे जा, पण बरोबर उभे राहा.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:३१

मंद! मला वाटायचं जुन्या गाडीचा उजेड असाच असतो.

घाटमाथा | मंगळवार, रात्री १०:१५

वायर सापडेपर्यंत जरा अवांतर. खंबाटकीचा विषय निघाला म्हणून आठवलं, पूर्वी कुठल्याही घाटात वळणावळणाला बोनेट उघडलेल्या गाड्या दिसायच्या. प्रत्येक गाडीत पाण्याचा डबा आणि ओलं फडकं असायचंच. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जायचे. माझे मामा तर नाणं टाकून झालं की काट्याकडे बघून दुसरंही नाणं टाकत.

आता नव्या गाड्यांत बघायला काटाच नाही. गार असताना निळा दिवा, तापली की लाल. मधलं काही कळत नाही.

न्यूजर्सीचा_नाना | मंगळवार, रात्री ११:०२

ज्यांत काटा आहे त्यांतही तो खरा नसतो. अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. साधारण पंचाहत्तरपासून शंभराच्या वरपर्यंत तो मधोमधच उभा राहतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच सर्व्हिस सेंटरला फोन करत नाही. तो मध्य सोडून निघाला की प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. त्या मानाने ८०० चा काटा प्रामाणिक, फक्त त्याचं अर्थिंग नीट पाहिजे.

घाटात खरोखर तापायला लागली तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. आतल्या माणसांचे हाल होतात, पण इंजिन तगतं.

कृष्णाकाठ | शनिवार, संध्याकाळी ५:४५

अपडेट.

शेजारच्या गल्लीतल्या वायरमनना बोलावलं आणि आत्या म्हणाल्या तसा बरोबर उभा राहिलो, म्हणजे टॉर्च धरून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आधी मोजून घेतलं. मीटरची काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत, पार्किंग लाइट लावलेले असताना, १.६ व्होल्ट. जादा वायर बॉडीला लावल्याबरोबर दोन्ही काटे खाली.

मग जोड शोधला. डॅशबोर्डच्या खाली, उजव्या बाजूच्या पत्र्यावर, दहाच्या पान्याचा बोल्ट, त्याखाली तीन काळ्या वायरींच्या रिंगा एकत्र. बोल्ट फिरवला तर तो कुरकुरला आणि लाल भुकटी हातावर पडली. मधली रिंग हिरवट होऊन अर्धी खाल्ली गेलेली. पत्र्यावर वरून खाली ओघळाचा तपकिरी डाग होता. बोट ठेवत वर गेलो तर थेट काचेच्या रबराच्या कोपऱ्यात पोचलो. म्हणजे पावसाचं पाणी तिथून झिरपत होतं. वायरमननी रिंगा नवीन लावल्या, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट बदलला, वरून ग्रीस. परत मोजलं तर ०.०४.

काल रात्री पुण्याला आलो. काटा हललासुद्धा नाही. मीटरमध्ये इतका उजेड आहे की किलोमीटरचे आकडे चष्म्याशिवाय दिसले. काचेच्या रबराचं काम पुढच्या आठवड्यात.

एक नवी गोष्ट मात्र लक्षात आली. आता काटा हायवेवर निम्म्याच्या बराच खाली राहतो, पुण्यात सिग्नलला थांबलो की वर येतो.

न्यूजर्सीचा_नाना | शनिवार, संध्याकाळी ५:५८

कारण थर्मोस्टॅट नाही! आबा, वाचताय ना? काटा खरं बोलायला लागल्याबरोबर त्याने पहिली तक्रार तुमचीच केली.

आबा_वर्कशॉप | शनिवार, संध्याकाळी ६:२०

वाचतोय. बसवा बाबा बसवा. पण नवा असला तरी बसवायच्या आधी उकळत्या पाण्यात टाकून बघा. दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि गार पाण्यात परत मिटला पाहिजे. हलती पिन असलेलं छोटं भोक वरच्या बाजूला ठेवून बसवा, हवा तिथून निघते. इतकं करणार असाल तर माझी हरकत नाही. न तपासता बसवणाऱ्यांनीच त्याला बदनाम केलंय.

कोकणकड्याखाली | शनिवार, संध्याकाळी ६:४४

महाबळेश्वरात राहणाऱ्यांनी काय करावं? तिथे साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळतं.

आबा_वर्कशॉप | शनिवार, संध्याकाळी ६:५०

८२ चा थर्मोस्टॅट तिथेही उघडेल. आणि पातेलं स्वयंपाकाचं घेऊ नका, हे उंचीवर अवलंबून नाही.

नवखी_ड्रायव्हर | शनिवार, रात्री ९:१०

सगळा धागा वाचला, खूप शिकायला मिळालं. माझ्याही गाडीत असंच आहे, म्हणजे माझाही काटा खोटं बोलतो. गाडी २००४ ची आहे. वरंध घाटात काटा अचानक एकदम खाली, सीच्या जवळ गेला, थोड्या वेळाने सटकन एचवर, परत खाली. लाइटचा संबंध नाही. पेट्रोलचा काटा स्थिर. दर आठवड्याला बाटलीत थोडं पाणी घालावं लागतं, पण ते सगळ्यांनाच घालावं लागतं ना? हीटर लावला तर गार हवा येत होती. अर्थिंग कुठे बघू?

ओहमची_आत्या | शनिवार, रात्री ९:१६

ताई, थांबा. तुमचा काटा खोटं बोलत नाहीये.

पाणी इतकं कमी झालंय की सेन्सर मधूनच कोरडं पडतंय. त्याला पाण्याऐवजी हवा लागली की ते 'गार' सांगतं, उकळतं पाणी आदळलं की 'गरम' सांगतं. हीटरमधून गार वारा आला तो त्याचमुळे, त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नाहीये. चांगल्या स्थितीतल्या गाडीला दर आठवड्याला पाणी लागत नाही.

आबा_वर्कशॉप | शनिवार, रात्री ९:२७

गाडी आहे तिथेच उभी ठेवा, गॅरेजलाही चालवत नेऊ नका. पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. झाकणामुळे आत प्रेशर असतं, म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना उघडलंत तर सगळं एकदम तोंडावर येईल.

मग गळती शोधा. होजच्या क्लॅम्पा, वॉटर बॉडीच्या खालचं छोटं भोक, रेडिएटरचे जोड. बाहेर कुठेच ओल नसेल तर डावीकडच्या सीटपुढचं मॅट उचलून कार्पेट दाबून बघा, हीटर गळत असला तर तिथे चिकट ओल लागते. तिथेही कोरडं असेल तर मी पहिल्या दिवशी लिहिलेल्या तीन परीक्षा करा. तुमच्या बाबतीत हेड उघडावं लागू शकतं.

नवखी_ड्रायव्हर | शनिवार, रात्री ९:४१

कार्पेट ओलं आहे. मला वाटलं पावसाचं पाणी.

आबा_वर्कशॉप | शनिवार, रात्री ९:४४

बोटाला चिकट लागतंय का? आणि कूलंट कुठल्या रंगाचं भरलं होतं?